मक्याच्या स्टार्चचा गम: केळीची खोकी थंड कंटेनरमध्ये उकलतात, नेमकं काय बदलू?

खोकेवाला (जळगाव)

नमस्कार मंडळी. जळगावच्या एमआयडीसीत माझं कोरुगेटेड खोक्यांचं छोटं युनिट आहे. एक सिंगल फेसर (कागदाला लाटा पाडून तो सपाट कागदाला चिकटवणारं मशीन), एक पेस्टिंग मशीन (त्यावर पुढचे थर चिकटवणारं), शीट दाबायला प्रेस, बाकी सगळं हातकाम. डाळ मिलवाले, चटईवाले, पाइप फिटिंगवाले अशी गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांची खोकी विनातक्रार जातात. अडलंय ते केळीपाशी.

रावेर-यावलकडून निर्यात वाढली तशी १३ किलोच्या खोक्यांची मागणी माझ्यापर्यंत आली. मी पाच प्लायचं, म्हणजे कागदाच्या पाच थरांचं, खोकं देतो. युनिटमधून निघताना ते कडक असतं. शीतगृहात राहिलं की तळाच्या कोपऱ्यांत फ्लूट (लाटांचा कागद) लायनरपासून (सपाट कागदापासून) सुटायला लागते, आणि हाताने ओढलं तर अख्खा थर सोलून येतो. पावसाळ्यात तर गोडाऊनमध्येच हा प्रकार सुरू होतो.

गम म्हणून मी तयार पावडर आणतो, थंड पाण्यात कालवतो आणि दोन्ही मशीनला तोच लावतो. पुरवठादार दर वेळी सांगतो की पावडर वाढवा, घट्ट करा. घट्ट केला की रोलरवर दोर सुटतात, शीट वाकते, वाळायला वेळ लागतो आणि थर तरीही सुटतात. म्हणून आता स्टार्च आणून गम युनिटमध्येच शिजवायचा विचार आहे. कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) आणि बोरॅक्स (टाकणखार) किती घालायचं, 'ऑक्सिडाइज्ड', 'डेक्स्ट्रिन', 'मॉडिफाइड' असं पोत्यावर लिहिलेलं असतं त्यात फरक काय, आणि पाण्याला टिकणारा गम स्टार्चपासून होतो तरी का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केळीबाग (रावेर)

दादा, शेतकऱ्याच्या बाजूने एवढंच सांगतो. आमचा माल १३-१४ अंशांवर ठेवतात आणि हवेत ओलावा ९० टक्क्यांच्या वर राखतात, नाहीतर केळी सुकते. खोकं खचलं की वरच्या खोक्याचं वजन थेट फणीवर येतं. दाबलेली फणी पिकताना काळी पडते आणि तिकडचा खरेदीदार अख्खी पॅलेट बाजूला काढतो. कापणीपासून धुण्यापर्यंत आम्ही फणीला ओरखडा येऊ देत नाही. खोक्याचं हे कोडं सुटलं तर आम्हा सगळ्यांचं भलं आहे.

धुळ्याचा केमिस्ट

खोकेवाला भाऊ, स्टार्चच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबून सुरू करतो. पाया कळला नाही तर नुसत्या मापांचा उपयोग नाही.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. त्यात दोन जाती. सरळ साखळी ती अमायलोज, फांद्याफांद्यांची ती अमायलोपेक्टिन. आपल्या साध्या मक्यात अमायलोज साधारण २५ ते २८ टक्के असतं, बाकी अमायलोपेक्टिन. या साखळ्या एका दाण्यात घट्ट गुंडाळून बसलेल्या असतात. मक्याचा हा दाणा ५ ते २५ मायक्रॉनचा, तांदळाचा त्याहून कितीतरी बारीक, गव्हात मोठे आणि बारीक असे दोन्ही. थंड पाण्यात दाणा विरघळत नाही, नुसता तळाशी बसतो. मका साधारण ६२ ते ७२ अंशांना फुगतो, फुटतो आणि साखळ्या पाण्यात पसरतात. तेव्हाच चिकटपणा येतो. दाणा फुटल्याशिवाय गम नाही, हे पहिलं.

दुसरी गोष्ट तुमच्या पुरवठादाराच्या सल्ल्याच्या उलट आहे. घट्ट गम म्हणजे मजबूत गम नव्हे. न बदललेला मक्याचा स्टार्च ७-८ टक्के पाण्यात शिजवला तरी खळ इतकी दाट होते की मशीनवर चालत नाही. म्हणजे शंभर किलो खळीत नव्वदहून अधिक किलो पाणी. कागदावर ती लावली की एवढं पाणी आधी कागदात जिरायला हवं, मग उडायला हवं. तोवर लायनर ओला, फ्लूट ओली, शीट वाकणार. वाळल्यावर जोडाला हातात राहतो तो ७-८ टक्क्यांचा पातळ पापुद्रा.

स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करायचं मूळ कारण हे आहे. साखळ्या थोड्या तोडल्या तर दाटपणा उतरतो, आणि त्याच दाटपणाला दुप्पट, तिप्पट, डेक्स्ट्रिन असेल तर कितीतरी पट जास्त स्टार्च पाण्यात बसवता येतो. पाणी कमी, घन (म्हणजे स्टार्च) जास्त, वाळणं लवकर, जोड भरीव.

तोडायच्या रीती अनेक. आम्लाची सगळ्यात जुनी. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने पपायरसच्या कागदासाठी पिठाची खळ सांगितली आहे, तीत उकळत्या पाण्यासोबत व्हिनेगरचे थेंब आहेत. १८११ मध्ये किर्खॉफ नावाचा रसायनतज्ज्ञ अरबी डिंकाला पर्याय शोधत होता. त्याने स्टार्च आम्लात उकळला तेव्हा साखळ्या इतक्या तुटल्या की गोड पाक निघाला. कारखान्यात आम्ही तिथवर जात नाही. स्टार्चचा घोळ ४०-५० अंशांवर, म्हणजे दाणा फुटणार नाही अशा बेताने, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचा आणि हवा तेवढा पातळपणा आला की सोड्याने आम्ल मारायचं. दाणा बाहेरून तसाच राहतो, शिजवल्यावर मात्र पातळ होतो.

पण औषध ठरवण्याआधी एक तपासणी करा. सुटलेल्या खोक्याचा थर हाताने सोला आणि नीट बघा. कागदाचे तंतू फाटून येतात का? फ्लूटच्या टोकावर चकचकीत पापुद्रा दिसतो का? की पांढरी भुकटी झडते? आयोडीनचं पातळ द्रावण त्यावर लावा. स्टार्च निळा-काळा होतो, त्यामुळे गमची रेघ किती रुंद, कुठे तुटलेली, हे डोळ्यांना दिसेल. सिंगल फेसरच्या बाजूचं आणि पेस्टिंगच्या बाजूचं वेगवेगळं सांगा.

खोकेवाला (जळगाव)

केमिस्ट काका, खूप आभार. लगेच करून पाहिलं. सिंगल फेसरच्या बाजूला पांढरी भुकटी झडते, तंतू जवळजवळ फाटत नाहीत. पेस्टिंगच्या बाजूला काचेसारखा चकचकीत पापुद्रा कागदावर आहे, आणि समोरचा कागद स्वच्छ सुटून येतो. आयोडीनने रेघ दोन्हीकडे सलग दिसली, पेस्टिंगला तर फारच रुंद. म्हणजे गम कमी पडत नाही असं दिसतं.

धुळ्याचा केमिस्ट

गम कमी नाही, चुकीच्या जागी चुकीचा आहे.

सिंगल फेसरचे रोल तापलेले असतात, पेस्टिंगला आच नसते. दोन्ही जागी एकच पावडर चालवायची म्हणून ती मधलीच केलेली असते, थोडी आधी शिजवलेली आणि थोडी कच्ची. सिंगल फेसरवर कागद गरम, त्याने पाणी आधीच ओढून घेतलं, आणि कच्च्या दाण्याला फुगायला पाणीच उरलं नाही. तीच तुमची भुकटी. पेस्टिंगला आच नसल्याने कच्चा भाग कधी शिजतच नाही, तो फक्त भर. शिजलेला भाग दाट असल्याने कागदात उतरत नाही, वरच्यावर वाळतो. तो पापुद्रा. तेव्हा दोन जागी दोन गम करा.

सिंगल फेसरसाठी स्टाइन-हॉल पद्धत. १९३० च्या दशकात अमेरिकेत जॉर्डन बाउअर यांनी ती बसवली आणि जगभर कोरुगेशन आजही मुख्यतः तिच्यावरच चालतं. थोडा स्टार्च कॉस्टिक घालून पूर्ण शिजवायचा, त्यात उरलेला सगळा स्टार्च कच्चाच तरंगत ठेवायचा. शिजलेला भाग कच्च्याला खाली बसू देत नाही आणि पाणी धरून ठेवतो. तापलेल्या रोलवर दोन कागद भेटतात तेव्हा कच्चा दाणा जागेवरच फुटतो, आसपासचं पाणी पिऊन टाकतो आणि जोड क्षणात धरतो. त्यामुळे २० टक्के घन असूनही गम पंपातून वाहतो.

सुरुवातीला असं धरून चला. एकूण १०० किलो स्टार्चला ४०० लिटर पाणी. त्यातला १५ किलो स्टार्च १२०-१३० लिटर पाण्यात कालवून गरम करायचा. अडीच किलो कॉस्टिक वेगळ्या थोड्या पाण्यात आधी विरघळवून, गार करून, हळूहळू त्यात सोडायचं. ६५-७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ढवळलं की घोळ पारदर्शक होतो. दुसऱ्या टाकीत उरलेलं पाणी ३० अंशांच्या आसपास, त्यात दोन ते अडीच किलो बोरॅक्स आणि ८५ किलो कच्चा स्टार्च. मग पहिली टाकी दुसरीत बारीक धारेने, ढवळत ढवळत, अर्ध्या तासात उतरवायची. घाई केली तर धारेतलं गरम, तीव्र कॉस्टिक जिथे पडेल तिथलाच कच्चा स्टार्च शिजतो आणि गाठी होतात.

कॉस्टिकचं काम दाणा फुटायचं तापमान खाली आणणं, आणि तेच खरं हत्यार आहे. जेल पॉइंट ६० ते ६३ अंशांच्या आसपास ठेवा. थोडा गम परीक्षानळीत घेऊन गरम पाण्यात धरायचा, आत थर्मामीटर फिरवत राहायचं, ज्या अंशाला तो एकदम घट्ट होतो तो जेल पॉइंट. बोरॅक्स साखळ्यांना एकमेकींत बांधतो, त्याने ओला गम लगेच पकड घेतो. जास्त झाला तर गम ताणल्यावर रबरासारखा लांबतो आणि रोलरवर उडतो.

कॉस्टिकने डोळे आणि कातडी दोन्ही धोक्यात येतात, चष्मा आणि रबरी हातमोजे याशिवाय हात लावू नका. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही.

अमळनेरची माई

वाचताना फार आनंद झाला. माझे वडील इथल्या प्रताप मिलमध्ये साइझिंग खात्यात होते. ताण्याच्या सुताला कांजी लावायचं ते काम, म्हणजे तोही सुताचे तंतू एकत्र चिकटवण्याचाच उद्योग. कांजी कढत असतानाच सूत तिच्यातून जायला हवं, गार झाली की ती सुतावर गोळे धरते, हे ते घरी सांगायचे. मालेगाव-धुळ्याच्या यंत्रमागांवर आजही ताण्याला कांजी लागते.

कुरडयांच्या चिकातही हेच दिसतं. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक शिजवला की आधी पांढरा असतो तो पारदर्शक होतो, आणि गार झाल्यावर काही वेळाने पुन्हा दुधट, घट्ट होऊन पाणी सोडतो. केमिस्ट भाऊ, गार झालेली खळ दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही ती याचमुळे ना?

धुळ्याचा केमिस्ट

अगदी बरोबर माई. सरळ साखळ्या, म्हणजे अमायलोज, गार झाल्यावर एकमेकींना समांतर येऊन पुन्हा घट्ट बसतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. एकदा बसल्या की साध्या आचेने सुटत नाहीत. मिलमध्ये हा त्रास टाळण्यासाठी पुढे ऑक्सिडाइज्ड आणि इतर बदललेले स्टार्च आले. साखळीला मध्येमध्ये दुसरे गट लटकवले की त्या जवळ येऊ शकत नाहीत, कांजी गार झाली तरी वाहती राहते.

रसायन विद्यार्थिनी (जळगाव)

काका, मी विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात शिकते, स्टार्चचं ऑक्सिडेशन आम्ही प्रयोगशाळेत केलंय म्हणून तो भाग लिहू का?

३५-४० टक्क्यांचा घोळ घेतात, पीएच ८ ते १० मध्ये ठेवतात आणि सोडियम हायपोक्लोराइट थोडंथोडं सोडतात. तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, कारण ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. हायपोक्लोराइट काही हायड्रॉक्सिल गटांचे कार्बोनिल आणि कार्बोक्सिल गट करतं आणि सोबत साखळीही तोडतं. आम्ल तयार होत जातं, पीएच घसरतो, म्हणून सोडा घालत राहावं लागतं. शेवटी बायसल्फाइटने उरलेलं क्लोरीन मारायचं, उदासीन करायचं आणि धुवायचं. कार्बोक्सिल गटांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून खळ पातळ, पारदर्शक आणि टिकाऊ होते.

सगळ्यांना कळकळीने सांगते, हायपोक्लोराइट आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

माझा प्रश्न असा. पेस्टिंगसाठी घन जास्त हवं असेल तर सरळ डेक्स्ट्रिनच का नको? त्यात तर ५० टक्क्यांपर्यंत जाता येतं.

धुळ्याचा केमिस्ट

ताई, सुंदर लिहिलंत. आणि प्रश्न असा विचारलात की त्यातच या धाग्याचं खरं उत्तर आहे.

डेक्स्ट्रिन म्हणजे कोरडा स्टार्च, किंचित आम्ल फवारून भाजलेला. ११०-१३० अंशांवर काही तास भाजला तर पांढरं डेक्स्ट्रिन. आणखी वर आणि जास्त वेळ भाजला की पिवळं, आणि आम्लाशिवाय बराच वेळ भाजला तर गडद रंगाचा 'ब्रिटिश गम'. भाजताना साखळ्या नुसत्या तुटत नाहीत, तुटके तुकडे दुसऱ्या ठिकाणी फांदीसारखे पुन्हा जोडले जातात. म्हणून पिवळं डेक्स्ट्रिन जवळजवळ पूर्ण विरघळतं आणि त्याची खळ गार झाल्यावर घट्ट होत नाही. पाकिटाची कड, सूतगिरणीचे कागदी कोन, कागदी नळ्या, गमपट्टी, या सगळ्यांना ते उत्तम. वाळलेली कड जिभेने ओली केली की पुन्हा चिकटते, हा त्याचा गुण.

केळीच्या खोक्यात तोच गुण दोष होतो. ९० टक्के ओलाव्यात तीच कड पुन्हा ओली होते आणि वरच्या वजनाखाली हळूहळू घसरते. साखळी जितकी तोडाल तितकं घन वाढेल, वाळणं सुधारेल आणि पाण्याला टिकणं कमी होईल. तोडणं आणि टिकणं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. चांगला गम बनवणारा माणूस या दोहोंमधली नेमकी जागा शोधतो. थंड कंटेनरसाठी उत्तर असं: बेताने तोडा, कागदावर पसरू द्या, आणि वाळताना पुन्हा बांधा. त्या बांधण्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात.

खोकेवाला भाऊ, पेस्टिंगसाठी कमी दाटपणाचा ऑक्सिडाइज्ड स्टार्च विकत घ्या. युनिटमध्ये हायपोक्लोराइटचं काम करू नका. क्लोरीनचा धोका एक, आणि धुवून निघणारं खारट पाणी सोडणार कुठे हा दुसरा. विकत आणलेला स्टार्च २० ते २५ टक्के घेऊन ९०-९५ अंशांना पूर्ण शिजवा, कच्चा काहीही ठेवू नका, कोमट असतानाच लावा. यात बोरॅक्स नको, कॉस्टिकही नको. पीएच उदासीनच्या जरा खाली ठेवून, लावण्याआधी, पुरवठादार सांगेल त्या मापात ग्लायॉक्सल घाला. वाळताना ते साखळ्यांना बांधतं. कॉस्टिकच्या गममध्ये ग्लायॉक्सल टाकलं तर ते स्वतःच मोडून जातं आणि पैसे वाया जातात. ग्लायॉक्सल घातलेला गम उद्यावर ठेवायचा नाही, संपेल तेवढाच करायचा. कातडीला ते बाधतं, हातमोजे हवेतच.

सिंगल फेसरच्या गममध्ये कीटोन-अल्डिहाइड जातीचं रेझिन मिळतं ते घाला, ते कॉस्टिकमध्येच काम करतं. अनेक जण 'वॉटरप्रूफ' करायला तिथे पांढरा सिंथेटिक गम ओततात. बोरॅक्स भेटताच तो दह्यासारखा फाटतो आणि पंप चोंदतो. ते टाळा.

आणि एक गोष्ट गमची नसून कागदाची आहे. अशा ओलाव्यात कोरड्या हवेतल्या मानाने खोक्याची वजन पेलण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, जोड कितीही पक्का असला तरी. तेव्हा लायनरचा जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) आणि बर्स्टिंगही (फुटण्याआधी कागद किती दाब सोसतो) बघावं लागेल. गम बदलला की थर सुटणं थांबेल, खचणं थांबवायला कागदही चांगला लागेल.

नंदुरबारचा बाइंडर

वह्या आणि रजिस्टर बांधायचं आमचं काम. आम्ही मैद्याची खळ वापरतो, त्यात मोरचूद घालतो म्हणजे कसर लागत नाही आणि बुरशी येत नाही. पण मोरचूद विषारी आहे, फळाच्या खोक्यात तो वापरू नका हे मुद्दाम सांगतो. मैद्यात स्टार्चसोबत ग्लुटेनही असतं, म्हणून बाइंडिंगला पकड चांगली मिळते, पण मशीनवर तो चालायचा नाही. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तीही चांगली चिवट असते, फक्त ती धान्याची नाही.

साक्रीकर

राम राम भाऊसहोन. आम्हना साक्री तालुकामा औंदा ज्वारीवर पानी पडनं, दाना काया पडी गया. बजारमा कोनी भाव इचारत नही. या ज्वारीना गम व्हई का?

धुळ्याचा केमिस्ट

राम राम दादा. होईल, पण अटी समजून घ्या. ज्वारीचा स्टार्च मक्याच्या बराच जवळचा आहे, फक्त तो जास्त आचेला, म्हणजे ६८ ते ७८ अंशांना फुटतो. त्यामुळे स्टाइन-हॉलमध्ये कॉस्टिक थोडं वाढवावं लागतं. काळपटपणा तपकिरी क्राफ्ट कागदाला अडचणीचा नाही. पावसाने दाण्याला आतून कोंब धरला असेल तर मात्र अमायलेज हे एन्झाइम साखळ्या तोडून बसलेलं असतं आणि खळ पातळ पडते. पोत्यापोत्याला पातळपणा वेगळा आला तर कारखाना तो माल घेणार नाही.

बुरशी लागलेल्या दाण्यातून स्टार्च काढला तरी कोंडा आणि पेंड उरते. ती जनावरांना घालू नका, बुरशीचं विष तिच्यात साठतं. आणि घरी किंवा गटाने स्टार्च काढण्याच्या फंदात पडण्याआधी विचार करा. मक्यासाठी कारखान्यात दाणा ५० अंशांच्या पाण्यात, किंचित सल्फर डायऑक्साइड घालून, दीड-दोन दिवस भिजवतात, मग कोंब, साल, ग्लुटेन वेगळं करून स्टार्च धुतात. पाणी भरपूर लागतं आणि तेवढंच घाण पाणी बाहेर पडतं. आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यात ते छोट्या प्रमाणावर परवडत नाही. काळी ज्वारी एकत्र करून कारखान्याशी बोलणं हाच मार्ग मला दिसतो.

मकावाला (शिंदखेडा)

काकांच्या बोलण्याला शेतकरी म्हणून जोड देतो. आमच्या तालुक्यात दोंडाईच्याला स्टार्चचा कारखाना आहे, त्यामुळे मका कुठे जातो हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. २०१८ पासून लष्करी अळीने पिकाचा खर्च वाढवला. मग डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि इथेनॉलवाले मक्याकडे वळले. मक्याचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला २,२२५ रुपये होता, २०२५-२६ ला २,४०० झाला. भाव चढला की स्टार्चवाल्याला महाग पडतो, उतरला की आम्ही मरतो.

मला म्हणायचंय ते असं. दाण्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. आपण कच्चा मका विकतो, आणि त्याच मक्याचा तयार गम जळगावचा खोकेवाला बाहेरून आणतो. मधलं काम इथे का होऊ नये? स्टार्च काढायचा कारखाना गटाला झेपणार नाही हे पटलं. पण कारखान्याचा स्टार्च आणून त्याचा गम करणं तरी झेपेल का?

धुळ्याचा केमिस्ट

झेपेल, आणि माझं तर मनापासून तेच मत आहे. आधी शिजवून वाळवलेली पावडर करायला तापलेला ड्रम लागतो, डेक्स्ट्रिनला भाजायचं भांडं, दोन्हीला पाणी फारसं लागत नाही. दर खेपेला जेल पॉइंट, दाटपणा आणि पीएच मोजणारा माणूस मात्र हवा. केळी, डाळ, सूत, कागद असं गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या विद्यापीठात तपासणी करून घेता येते, या ताईंसारखी शिकलेली मुलं आहेत. खोकेवाल्यांनी एकत्र येऊन ठरावीक गुणांचा गम मागितला तर पुरवठा उभा राहील.

खोकेवाला (जळगाव)

मंडळी, सगळ्यांचे आभार. दोन्ही गम वेगळे करून पाहिले. सिंगल फेसरच्या बाजूला आता सोलताना तंतू फाटून येतात. पेस्टिंगची शीट सपाट राहते आणि प्रेसमधून लवकर निघते. केमिस्ट काकांनी फोनवर सांगितलं तसा बोर्डाचा तुकडा २४ तास पाण्यात बुडवून ठेवला. जुन्या गमचा थोड्याच वेळात आपोआप उकलला होता. नव्याचा सिंगल फेसरचा जोड धरून आहे, पेस्टिंगचा कडेला थोडा सुटला. रावेरच्या दादांच्या खोक्यांना १५० ऐवजी १८० जीएसएमचा लायनर लावून पाहणार आहे.

दोन शंका उरल्या. दुपारी टाकीतला स्टाइन-हॉल गम आपोआप दाट होतो, सकाळी ठीक असतो. आणि कॉस्टिकचं माप तेच ठेवूनही या आठवड्यात जेल पॉइंट वर सरकला आहे. पाणी बोअरचं आहे.

धुळ्याचा केमिस्ट

पेस्टिंगच्या कडेसाठी शीट प्रेसमधून काढल्यावर लगेच कापू नका, रात्रभर ठेवा. ग्लायॉक्सलचं बांधणं वाळण्यासोबत पूर्ण होतं.

दुपारच्या दाटपणाचं कारण आपला उन्हाळा. शेडमध्ये ४२-४५ अंश असतात, रोलरजवळ त्याहून जास्त, आणि टाकीतला कच्चा दाणा कॉस्टिकमुळे तिथेच फुगायला लागतो. मार्च ते जून जेल पॉइंट दोन-तीन अंश वर ठेवा, म्हणजे कॉस्टिक किंचित कमी. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळा, गम ३५-३८ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. पावसाळ्यात उलट करा. तेव्हा स्टार्चच्या पोत्यातच ओल वाढते, एरवी १२ टक्क्यांच्या आसपास असते ती. म्हणून वजन करताना तेवढा स्टार्च जास्त धरा.

जेल पॉइंट वर सरकण्याचं कारण बहुधा उघडं पडलेलं कॉस्टिकचं पोतं. फ्लेक्स हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात आणि त्यातल्या काहींचा धुण्याचा सोडा होतो. वजन तेच भरतं, जोर उतरतो. पोतं फोडलं की झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ओता. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनेही थोडं कॉस्टिक खर्ची पडतं, म्हणून जेल पॉइंट रोज सकाळी पहिल्या खेपेला मोजून वहीत लिहा आणि त्यावरून कॉस्टिक ठरवा. मापाच्या डब्यावर विसंबू नका.